चेतासंधींची घडण आणि परिपाक : संदेशरेणूंविषयीच्या काही उपपत्तींचे परीक्षण

१

विकसनशील मेंदूविषयी अलीकडे जे संशोधन प्रसिद्ध होत आहे, त्याच्या निष्कर्षांत एक वाक्य वारंवार वाचावयास मिळते : अमुक एक संदेशरेणू चेतासंधींच्या परिपाकास साहाय्य करतो. हे वाक्य असत्य नाही. तथापि त्यातील 'साहाय्य' हा शब्द इतका ऐसपैस आहे की, त्याच्या आडोशाला तीन अगदी भिन्न प्रश्न एकत्र नांदू शकतात. तो रेणू एकटा पुरेसा आहे काय? त्याच्यावाचून काम अडते काय? आणि तो नेमका कोणत्या टप्प्यावर आपले कार्य करतो? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले म्हणजे उरलेल्या दोहोंचेही मिळाले, असा समज या क्षेत्रात अनेकदा रूढ झाला, आणि पुढील प्रयोगांनी तो अनेकदा मोडूनही काढला. या समजाचा आणि त्याच्या दुरुस्तीचा मागोवा घेणे, आणि त्यावरून काही कसोट्या हाती लागतात काय ते पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रारंभी शब्दांचा अर्थ निश्चित केलेला बरा. दोन चेतापेशी जेथे परस्परांच्या अगदी निकट येतात, परंतु एकरूप होत नाहीत, त्या जागेस शेरिंग्टन यांनी १८९७ साली फॉस्टर यांच्या शरीरक्रियाशास्त्रावरील ग्रंथात 'सिनॅप्स' हे नाव दिले. येथे त्यास चेतासंधी म्हटले आहे. १९५० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने या जागेतील फट प्रत्यक्ष दाखविली. मेंदूत ती सुमारे २० नॅनोमीटर रुंदीची असते. फटीच्या एका बाजूस प्रेषकद्रव्याने भरलेल्या इवल्या पुटिका असतात, ती प्रेषक बाजू; दुसऱ्या बाजूस ते द्रव्य ओळखणारे ग्राही रेणू असतात, ती ग्राहक बाजू. दोन पेशींचा नुसता स्पर्श झाल्याने चेतासंधी सिद्ध होत नाही. पुटिका पुरेशा संख्येने जमणे, त्यांच्या नेमके समोर ग्राही गोळा होणे, कोवळ्या वयातील ग्राहींची जागा प्रौढ प्रकारच्या ग्राहींनी घेणे, आणि जास्तीचे संधी नाहीसे होऊन उरलेले बळकट होणे, एवढ्या सर्व गोष्टींस मिळून परिपाक हा शब्द येथे वापरला आहे.

घडण आणि परिपाक या दोहोंत भेद करण्यात पांडित्याचा सोस नाही. मोहर येणे, फळ धरणे आणि आंबा पाडाला येणे या तीन गोष्टी एकाच झाडावर क्रमाने घडतात. म्हणून त्यांची कारणे एकच असतात असे कोणी बागाईतदार म्हणणार नाही. चेतासंधींच्या बाबतीत मात्र पुष्कळ काळ तसे म्हटले गेले.

२

परीक्षणाचा आरंभ मेंदूपासून न करता स्नायूपासून करणे सोयीचे आहे. मेंदूतील एका चेतापेशीवर हजारो संधी दाटीवाटीने असतात. याउलट प्रौढ सस्तन प्राण्याच्या बहुतेक स्नायुतंतूंवर मोठा, उघडावाघडा आणि सहज सापडणारा असा एकच संधी असतो. यामुळे संदेशरेणूंविषयीच्या बहुतेक कल्पना प्रथम येथे जन्मल्या, आणि मग मेंदूकडे गेल्या.

१९७८ साली सेन्स, मार्शल व मॅकमहान यांनी बेडकाच्या स्नायूवर एक विलक्षण प्रयोग केला. त्यांनी स्नायुतंतू नष्ट केले आणि ते पुन्हा वाढू नयेत अशी व्यवस्था केली. मागे राहिली ती तंतूंभोवतीची पातळ आवरणे, म्हणजे आतील शेंग काढून घेतल्यावर उरावे तसे टरफल. चेतातंतू पुन्हा वाढून आला तेव्हा तो त्या रिकाम्या आवरणावरील जुन्या संधिस्थानीच परतला, आणि तेथे त्याच्या टोकास प्रेषक बाजूची रचना प्राप्त झाली. पुढील वर्षी बर्डन, सार्जंट व मॅकमहान यांनी उलट बाजू तपासली. चेतातंतू येऊ न देता स्नायू पुन्हा वाढू दिला, तर नवे ग्राही जुन्याच जागी गोळा होतात असे त्यांना आढळले. यावरून उघड झाले की, संधीची आठवण पेशीत नसून दोन पेशींमधील आवरणात जतन झालेली आहे. अर्थात त्या आवरणात काही रेणू असले पाहिजेत.

तो रेणू शोधण्यासाठी मॅकमहान व त्यांचे सहकारी टॉर्पेडो या विद्युत्मत्स्याकडे वळले, कारण त्याच्या विद्युत्-इंद्रियात चेतासंधींची रेलचेल असते. त्यातून मिळालेल्या व संवर्धित स्नायुपेशींवर ग्राहींचे पुंजके जमविणाऱ्या प्रथिनास १९८७ साली एग्रिन हे नाव मिळाले. १९९० साली मॅकमहान यांनी आपली उपपत्ती स्पष्ट शब्दांत मांडली : चेतातंतूच्या टोकातून एग्रिन स्रवते, आवरणात स्थिरावते, आणि स्नायूला ग्राही एकत्र करावयास लावते. १९९६ साली गौतम, सेन्स इत्यादींनी एग्रिनचे जनुक निकामी केलेले उंदीर तयार केले. त्यांच्या स्नायूंत संधी नीट झालेच नाहीत आणि ते जगले नाहीत. त्याच वर्षी मस्क या स्नायूतील रेणूच्या अभावीही तीच गत होते असे दिसून आले. पुढे २००८ मध्ये एग्रिन व मस्क यांना जोडणारा एलआरपी-४ हा दुवाही सापडला. उपपत्ती पुरेपणाच्या आणि अवश्यतेच्या अशा दोन्ही कसोट्यांस उतरली, असे कोणासही वाटावे.

परंतु तिसरा प्रश्न, म्हणजे केव्हा हा प्रश्न, अजून विचारलेला नव्हता. तो २००१ साली विचारला गेला. चेतातंतू स्नायूपर्यंत पोहोचतच नाहीत अशा उंदरांच्या गर्भात दोन स्वतंत्र गटांनी पाहिले, तेव्हा स्नायूच्या मध्यभागी ग्राहींचे पुंजके तरीही जमलेले होते. चेतातंतू नाही, त्याचे एग्रिनही नाही, आणि तरी आरंभ झालेला! मग १९९६ च्या उंदरांत पुंजके का नव्हते? याचे उत्तर २००५ मध्ये मिळाले. चेतातंतू आल्यावर त्यातून स्रवणारे प्रेषकद्रव्य, ॲसिटिलकोलिन, हेच पुंजके विस्कटून टाकते. एग्रिन त्या विस्कटण्याला विरोध करून चेतातंतूसमोरील पुंजके टिकवून धरते. एग्रिन आणि ॲसिटिलकोलिन ही दोन्ही नसलेल्या उंदरांत पुंजके शाबूत राहिले, हा या निष्कर्षाचा निर्णायक पुरावा होय.

म्हणजे एग्रिनचे महत्त्व कमी झाले नाही. त्याची भूमिका बदलली. ज्यास आपण संधीचा निर्माता समजत होतो, तो संधीचा रक्षक ठरला. येथे एक गोष्ट आदराने नमूद केली पाहिजे. १९७९ च्या प्रयोगातील बर्डन हेच २००१ च्या एका शोधनिबंधाचे प्रमुख संशोधक होते, आणि १९७८ व १९९६ च्या प्रयोगांतील सेन्स हे २००५ च्या एका निबंधाचे. ज्यांनी इमारत उभी केली त्यांनीच तिचा पाया पुन्हा उकरून पाहिला. शास्त्रीय टीकेचा याहून चांगला नमुना दाखविता येणे कठीण आहे.

३

मेंदूच्या बाबतीत हीच कथा अधिक तीव्र स्वरूपात घडली. २००० साली शायफेले व सहकाऱ्यांनी चेतापेशी नसलेल्या साध्या पेशींत न्यूरोलिजिन हे प्रथिन निर्माण करविले आणि त्या पेशी चेतापेशींच्या सान्निध्यात वाढविल्या. चेतातंतूंनी त्या परक्या पेशींवरही प्रेषक बाजूची रचना उभारली. जी पेशी संदेश ऐकूच शकत नाही, तिच्यासमोर वक्त्याने व्यासपीठ मांडावे, तसा हा प्रकार होता. न्यूरोलिजिन हा पेशीच्या पृष्ठभागावरचा रेणू आहे आणि प्रेषक बाजूवरील न्यूरेक्सिन हा त्याचा जोडीदार आहे. मेंदूतील चेतासंधी निर्माण करणारी किल्ली सापडली, असा समज यानंतर पसरला, आणि प्रयोगाचे सौंदर्य पाहता तो पसरला यात नवल नाही.

२००६ साली वारोको, ब्रोसे इत्यादींनी उंदरातील न्यूरोलिजिनची तीन जनुके एकाच वेळी निकामी केली. ही पिले जन्मानंतर लवकरच श्वसन बंद पडून मेली. समजानुसार त्यांच्या मेंदूत चेतासंधी नसावयास हवे होते. ते होते, आणि त्यांच्या संख्येत म्हणण्यासारखी घट नव्हती. बिघडले होते ते त्यांचे कार्य : संदेशवहन दुबळे होते, आणि श्वसन चालविणाऱ्या मेंदूच्या भागात ते प्राणघातक ठरण्याइतके दुबळे होते. काचपात्रात जो रेणू संधी घडविण्यास पुरेसा दिसला, तो प्राण्यात संधी घडविण्यास अवश्य नव्हता. परंतु संधी पक्व करण्यास तो अपरिहार्य होता.

याच संदर्भात व्हरहागे यांच्या गटाचा २००० सालचा प्रयोग लक्षात घेण्यासारखा आहे. मंक-१८ या प्रथिनाच्या अभावी पुटिकांतून प्रेषकद्रव्य मुळीच बाहेर पडत नाही. असा संपूर्ण मुका मेंदूही गर्भावस्थेत बव्हंशी नेहमीप्रमाणे रचला गेला आणि त्यात चेतासंधींची रूपेही दिसली. त्यानंतर मात्र चेतापेशींचा ऱ्हास सुरू झाला. उभारणीसाठी संभाषणाची गरज नाही, टिकण्यासाठी आहे. हे दोन प्रयोग शेजारी ठेवून वाचले म्हणजे एक सामान्य तत्त्व हाती येते. संधीची घडण हे बहुतांशी पेशींच्या अंगभूत सामर्थ्याचे आणि अनेक रेणूंच्या सामाईक जबाबदारीचे काम आहे; त्यातील एक काढला तर दुसरा निभावून नेतो. परिपाक हे मात्र नेमून दिलेल्या रेणूंचे काम आहे, आणि तेथे एकाची उणीव दुसरा सहसा भरून काढीत नाही.

४

हे तत्त्व चेतापेशींपुरतेच मर्यादित नाही. मेंदूतील तारकापेशी स्वतः संदेशवहन करीत नाहीत, म्हणून दीर्घकाळ त्यांना केवळ आधार देणाऱ्या मानले गेले. बॅरेस यांच्या प्रयोगशाळेने हा समज बदलला. दृष्टिपटलातील चेतापेशी एकट्या वाढविल्या तर त्यांच्यात थोडेच संधी होतात. तारकापेशींच्या सहवासात ही संख्या सुमारे सातपट होते, असे २००१ साली दिसून आले. २००५ साली त्यामागील एक रेणू ओळखला गेला, तो थ्रॉम्बोस्पाँडिन.

पण येथेही सूक्ष्मदर्शकाला जे दिसते आणि विद्युत्मापकाला जे ऐकू येते त्यांत अंतर निघाले. थ्रॉम्बोस्पाँडिनने घडविलेले संधी रचनेने अगदी अस्सल होते, त्यांची प्रेषक बाजू कामही करीत होती. परंतु ग्राहक बाजूवर ग्लुटामेटचे तत्पर ग्राही, ज्यांना अँपा ग्राही म्हणतात, ते नव्हते. संधी होते, परंतु मूक होते. त्यांना वाचा देणारा रेणू निराळा निघाला : २०१२ साली ॲलन, बॅरेस इत्यादींनी तारकापेशींतून स्रवणारे ग्लायपिकन ४ व ६ हे रेणू अँपा ग्राहींना संधीवर आणतात असे दाखविले. २०१८ साली ॲलन यांच्याच गटाने तिसरा रेणू पुढे आणला. कॉर्डिनसदृश-१ हा रेणू कोवळ्या प्रकारच्या अँपा ग्राहींच्या जागी प्रौढ प्रकारचे ग्राही बसविण्यास कारण होतो. एकाच जातीच्या पेशी एकापाठोपाठ एक असे तीन रेणू पाठवितात. पहिला रचना देतो, दुसरा वाचा देतो, तिसरा प्रौढत्व देतो. या तिघांनाही 'साहाय्यक' एवढेच म्हणणे म्हणजे गवंडी, सुतार आणि रंगारी यांना 'घराचे कामकरी' म्हणून एका ओळीत बसविण्यासारखे आहे.

प्रेषक बाजूचा परिपाक कसा होतो, याविषयी उमेमोरी यांच्या गटाचे २०१३ सालचे संशोधन मला विशेष उद्बोधक वाटते. सर्प-अल्फा हे प्रथिन ग्राहक पेशीच्या पृष्ठभागावर असते. ती पेशी क्रियाशील झाली म्हणजे त्या प्रथिनाचा बाहेरील भाग एका विकराकडून कापला जातो, आणि तो सुटलेला तुकडा फट ओलांडून समोरच्या बाजूवरील सीडी-४७ या ग्राहीस जाऊन मिळतो. त्यामुळे प्रेषक बाजू पक्व होते. हे प्रथिन नसले तरी संधीचा आरंभ होतोच, पण तो पुढे सरकत नाही. येथे 'केव्हा' या प्रश्नाचे उत्तर स्वतः यंत्रणेतच गोवलेले आहे. ज्या संधीचा उपयोग होतो तोच आपल्या परिपाकाचा संदेश पाठवितो. ज्याचा होत नाही तो कच्चाच राहतो. आरंभास क्रियेची गरज नाही आणि परिपाकास आहे, ही मुक्या मेंदूच्या प्रयोगावरून केवळ सुचलेली गोष्ट येथे रेणूंच्या पातळीवर उकलून दिसते.

५

आता या विवेचनावर घेता येण्यासारख्या आक्षेपाचा विचार केला पाहिजे. जनुक जन्मापासूनच निकामी केले असता इतर रेणू त्याची जागा भरून काढतात. म्हणून संधींची संख्या घटली नाही यावरून तो रेणू घडणीत भाग घेतच नाही असे कसे म्हणता येईल? हा आक्षेप सबळ आहे. २०१२ साली क्वॉन व सहकाऱ्यांनी तर त्यास प्रायोगिक आधारच दिला. उंदराच्या मेंदूतील काही मोजक्याच पेशींत न्यूरोलिजिन-१ कमी केले, तर त्या पेशींवरील संधी शेजारच्या पेशींच्या मानाने घटतात. परंतु सर्वच पेशींत ते सारखे कमी केले, तर संख्येत तसा फरक दिसत नाही. म्हणजे या रेणूचे निरपेक्ष प्रमाण महत्त्वाचे नसून शेजाऱ्यांच्या तुलनेतील प्रमाण महत्त्वाचे आहे. संधींसाठी पेशींत स्पर्धा आहे, आणि सर्वच स्पर्धकांना समान दुर्बळ केले तर निकाल बदलत नाही.

मला वाटते, या आक्षेपाने वर काढलेले तत्त्व रद्द होत नाही, पण त्यास एक मर्यादा पडते. 'अवश्य नाही' या शब्दांचा अर्थ 'भाग घेत नाही' असा करता कामा नये. जी चूक पुरेपणावरून अवश्यता काढणाऱ्यांनी केली, तिचीच उलटी आवृत्ती अनवश्यतेवरून निरुपयोगिता काढणारे करतील. यास्तव कोणत्याही नव्या संदेशरेणूविषयीचा दावा वाचताना चार गोष्टी पाहाव्यात. प्रयोग काचपात्रातील आहे की प्राण्यातील. रेणू सर्वत्र काढला आहे की थोड्या पेशींत. तो आरंभापासून काढला आहे की संधी घडून गेल्यावर. आणि मोजले काय आहे, संधींची संख्या की त्यांचे कार्य. या चारांची उत्तरे न देता 'साहाय्य करतो' असे म्हणणारा निष्कर्ष अपुरा समजावा.

६

हा सर्व वाद शब्दांचा आहे आणि प्रयोगशाळेबाहेर त्याचे मोल नाही, असे कोणास वाटेल. त्याचे उत्तर रुग्णांच्या अनुभवातून देता येते. जन्मजात स्नायुदौर्बल्याचा एक प्रकार डॉक-७ या रेणूतील दोषामुळे होतो, हे २००६ साली सिद्ध झाले. हा रेणू स्नायूच्या आत मस्कचे कार्य चालू ठेवतो. तो सदोष असला की संधी आकाराने लहान आणि अपुरे राहतात. स्नायुदौर्बल्याच्या पुष्कळ प्रकारांत ॲसिटिलकोलिन फटीत अधिक काळ टिकविणारी औषधे गुणकारी ठरतात, कारण तेथे दोष संदेशवहनाचा असतो. डॉक-७ च्या रुग्णांना हीच औषधे बहुधा उपयोगी पडत नाहीत, आणि पुष्कळदा त्यांनी प्रकृती अधिक बिघडते. त्यांना गुण येतो तो एफेड्रिन किंवा साल्ब्युटामोल यांनी, आणि तोही आठवड्यामहिन्यांच्या संथ गतीने. एग्रिनचा रक्षक म्हणून वर जो उल्लेख केला तो येथे आठवावा : जेथे रक्षकाची साखळीच कच्ची आहे, तेथे पुंजके विस्कटणारे द्रव्य अधिक काळ ठेवणे अपायकारक ठरावे, हे त्या उपपत्तीशी सुसंगत आहे. घडण, परिपाक आणि वहन यांत भेद न करणाऱ्या वैद्याच्या हातून अशा मुलाला नेमके चुकीचे औषध दिले जाण्याचा संभव आहे.

दुसरी गोष्ट परिपाक या शब्दाच्याच मोहाविषयी आहे. पक्व म्हणजे चांगले, आणि लवकर पक्व म्हणजे अधिक चांगले, असे भाषा आपल्याला नकळत सुचविते. मेंदू तसे सांगत नाही. १९९९ साली हुआंग व सहकाऱ्यांनी बीडीएनएफ हा संदेशरेणू उंदरांच्या मेंदूत नेहमीपेक्षा अधिक निर्माण होईल असे केले. दृष्टिकेंद्रातील शामक संधी लवकर पक्व झाले, आणि त्याबरोबरच अनुभवाने दृष्टीची घडण बदलू शकते तो बाल्यातील काळही लवकर संपला. याउलट कॉर्डिनसदृश-१ नसलेल्या उंदरांच्या दृष्टिकेंद्रात प्रौढपणीही नेहमीपेक्षा अधिक लवचीकपणा आढळला. एका उदाहरणात पक्वता लवकर आणली म्हणून शिकण्याचे दार लवकर मिटले. दुसऱ्यात ती रोखली म्हणून ते किलकिले राहिले. संदेशरेणू संधीला स्थैर्य देतात, आणि त्या स्थैर्याची किंमत लवचीकपणात वसूल करतात. तेव्हा परिपाकास चालना देणारा रेणू सापडला की तो उपचार म्हणून योजावा, अशी घाई करणाऱ्यांनी ही किंमत कोणत्या वयात आणि कोणत्या केंद्रात द्यावी लागेल, हे आधी सांगितले पाहिजे.

सारांश, मॅकमहान यांच्या उपपत्तीपासून आजवरचा इतिहास हा एका किल्लीच्या शोधाचा इतिहास म्हणून लिहिता येतो, आणि तसा तो पुष्कळदा लिहिलाही जातो. माझ्या मते तो वेळापत्रकाच्या शोधाचा इतिहास आहे. या रेणूंपैकी कोणीही चेतासंधीचा एकटा कर्ता नाही; प्रत्येकाची पाळी ठरलेली आहे, आणि पाळी चुकली तर तोच रेणू निरुपयोगी किंवा अपायकारक ठरतो. यापुढील अभ्यासकाने कोणता रेणू असे विचारण्यापूर्वी कोणत्या दिवशी असे विचारावे, म्हणजे 'साहाय्य' या शब्दामागे जे लपून राहिले ते त्यास आपोआप दिसू लागेल.